वेग तोच, गाडी परकी : सॅम हॉर्निशची नॅसकारमधील उमेदवारी

२८ मे २००६. इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर पाचशे मैलांच्या शर्यतीची दोनशेवी आणि अखेरची फेरी सुरू होती. अखेरच्या सरळ टप्प्यात एकोणीस वर्षांचा मार्को अँड्रेटी आघाडीवर होता आणि शर्यत त्याच्याच घरी जाणार, असे दिसत होते. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या सॅम हॉर्निश ज्युनियरने ऐन रेषेच्या तोंडाशी त्याला गाठले, मागे टाकले आणि ०.०६३५ सेकंदाच्या फरकाने शर्यत जिंकली. या शर्यतीच्या तोवरच्या इतिहासात याहून निसटता निकाल एकदाच, १९९२ साली लागला होता. त्याच वर्षी हॉर्निशने इंडी रेसिंग लीगचे आपले तिसरे विजेतेपदही मिळवले. लंबवर्तुळाकार धावपट्टीवर, म्हणजे ओव्हलवर, उघड्या चाकांची गाडी पळवण्यात त्या काळात अमेरिकेत त्याच्या तोडीचा दुसरा चालक दाखवणे अवघड होते.

पावणेदोन वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, हाच हॉर्निश फ्लोरिडातील डेटोनाच्या धावपट्टीवर उभा होता. त्याच्या गाडीच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी रंगवलेली होती. आपल्याकडे शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल रंगात 'एल' लिहितात, तशीच ही खूण. नॅसकार या स्टॉक कार शर्यतींत पहिल्या हंगामातल्या चालकाला ती लावावी लागते, मागून येणाऱ्यांनी सांभाळून राहावे म्हणून. तीन वेळचा राष्ट्रीय विजेता नव्याने उमेदवारी करू लागला होता. ती त्याला वाटले त्याहून फार लांबली. नॅसकारच्या सर्वोच्च कप मालिकेत तो पुढे १६७ शर्यती धावला आणि त्यांपैकी एकही जिंकू शकला नाही.

या अपयशाकडे 'चालक संपला' असे म्हणून पाहणे सोपे आहे आणि त्या वेळी अनेकांनी तसेच पाहिले. परंतु हॉर्निश तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचे डोळे, मनगटे, धैर्य यांपैकी काहीही कमी झालेले नव्हते. त्याच्यापाशी जे होते तेच त्याच्या आड येत होते. ते कसे, हे समजून घ्यायचे तर आधी दोन प्रकारच्या गाड्यांतला फरक पाहावा लागतो.

दोन घराणी

मोटारशर्यतींची दोन मोठी घराणी आहेत. पहिल्या घराण्यातल्या गाड्यांची चाके अंगाबाहेर, उघडी असतात. चालक गाडीच्या बरोबर मध्यभागी, जवळजवळ आडवा होऊन बसतो. पुढे-मागे पंख असतात. फॉर्म्युला वन आणि इंडीकार या याच घराण्यातल्या. या गाड्या केवळ शर्यतीसाठी जन्माला येतात. त्यांच्यासारखी गाडी रस्त्यावर कधीच दिसत नाही.

दुसरे घराणे स्टॉक कारचे. दुकानातून विकत आणलेली साधी मोटार घेऊन शर्यत लावायची, या हौसेतून ते जन्मले. १९४८ मध्ये नॅसकार या संस्थेची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सर्वोच्च मालिका सुरू झाली. कालांतराने 'दुकानातली गाडी' हे नावापुरतेच उरले. वरून शेव्हरोले, फोर्ड, डॉज किंवा टोयोटाचा आकार, आत मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यात बसवलेले ५.८ लिटरचे अवजड व्ही-८ इंजिन, असे तिचे रूप झाले. हॉर्निश आला तेव्हा या इंजिनात कार्ब्युरेटर होता (इंधन फवारणीची पद्धत कप मालिकेत २०१२ मध्ये आली), मागचा ॲक्सल एकसंध दांड्याचा होता आणि गिअर हाताने टाकावे लागत. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे सारे कित्येक दशके मागे होते, आणि नॅसकारला त्याचा अभिमानच होता.

आकडे पाहिले की फरक ठळक होतो. २००७ ची इंडीकार सुमारे सातशे किलोची, तर नॅसकारची गाडी दीड टनाहून थोडी जड. इंडीकारला सुमारे साडेसहाशे अश्वशक्ती, स्टॉक कारला साडेआठशेच्या आसपास. म्हणजे वजन दुपटीहून जास्त आणि शक्ती मात्र तिसऱ्या हिश्श्यानेच अधिक. तरीही खरा फरक वजनाचा नाही. तो हवेचा आहे.

हवेवर विसंबलेले हात

इंडीकारचे पंख आणि तिचा तळ वेगवान हवेच्या साहाय्याने गाडीला जमिनीवर दाबून धरतात. याला डाउनफोर्स म्हणतात. पूर्ण वेगात हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक होतो. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते : वेग जितका जास्त, तितकी गाडी जमिनीला घट्ट. शिकागोलँड, टेक्सास अशा दीड मैलाच्या उताराच्या धावपट्ट्यांवर त्या काळातल्या इंडीकार संपूर्ण फेरी प्रवेगक तळाला टेकवूनच धावत. चालकाचे कौशल्य असे ते पाय उचलण्यात नसून रेषेत असे. सुकाणू शक्य तितके कमी आणि शक्य तितके हळुवार फिरवायचे, म्हणजे चाकांचे घर्षण वाढून वेग मरत नाही. शेजारी सहा इंचांवर दुसरी गाडी असताना साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने हे करायचे.

या कलेत हॉर्निश अद्वितीय होता. २००२ मध्ये शिकागोलँडला त्याने अल अन्सर ज्युनियरला हरवले ते ०.००२४ सेकंदाने, आणि त्याच मोसमात टेक्सासला विजेतेपदाच्या निर्णायक शर्यतीत हेलिओ कॅस्ट्रोनेवेसला ०.००९६ सेकंदाने. असे निकाल एकदा नशिबाने लागतात. वारंवार लागू लागले की त्याला हातोटी म्हणावे लागते.

आता त्याच शिकागोलँडवर, त्याच डांबरावर, स्टॉक कार आणा. येथे हवेचा दाब वजनाच्या तुलनेत थोडका. वळण आले की प्रवेगकावरून पाय काढावाच लागतो, कुठे ब्रेकही लावावा लागतो. दीड टनाचे धूड वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते, पुढची चाके तक्रार करतात, आणि बाहेर पडताना प्रवेगक दाबला की साडेआठशे घोडे मागच्या दोन चाकांना सरकवू पाहतात. गाडी किंचित घसरतच वळण घेते. घसरणे हाच तिचा स्वभाव. नॅसकारच्या बोलीत मागची बाजू सुटू पाहणाऱ्या गाडीला 'लूज' म्हणतात आणि पुढची बाजू वळायला नकार देणाऱ्या गाडीला 'टाइट'. वेगवान स्टॉक कार बहुधा थोडी लूज असते. चालकाने ती घसरण सहन करायची, इतकेच नव्हे तर तिच्यावर स्वार व्हायचे.

इंडीकारच्या चालकाचे सारे शरीर नेमक्या याच्या उलट शिकलेले असते. तिथे मागची चाके सुटली की पुढच्या क्षणी भिंत. म्हणून मागून अगदी बारीकशी हालचाल जाणवली तरी त्याचा हात आपोआप ती थोपवायला जातो किंवा पाय सुटतो. ही प्रतिक्रिया विचारातून येत नाही. ती पाठीच्या कण्यात मुरलेली असते आणि तिनेच त्याला वर्षानुवर्षे जिवंत ठेवलेले असते. स्टॉक कारमध्ये हीच प्रतिक्रिया प्रत्येक वळणावर वेळ खाते. लाल मातीत घडलेल्या मल्लाला मॅटवर उभे केले की त्याचा पाय जसा जुन्या सवयीने माती शोधतो, तसाच हा प्रकार. नवा डाव शिकता येतो. पायाची सवय मोडायला वेळ लागतो.

येथे हॉर्निशच्या बाबतीत एक विसंगती दिसते. इंडी रेसिंग लीगच्या शर्यती २००४ पर्यंत केवळ ओव्हलवर होत आणि नॅसकारच्या ३६ शर्यतींपैकी त्या वेळी ३४ ओव्हलवर. तेव्हा ओव्हलचा हा सम्राट सर्वांत आधी रुळेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्या सहजतेने तो ओव्हलवर अव्वल ठरला होता ती सहजता हवेच्या दाबाची होती. धावपट्टीचा आकार ओळखीचा होता, त्यामुळे जुन्या सवयी अधिकच जोमाने जाग्या होत.

टोनी स्ट्युअर्टचे उदाहरण याच्या अगदी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तोही इंडी रेसिंग लीगचा विजेता होता. १९९९ मध्ये कप मालिकेत येताच त्याने पहिल्याच हंगामात तीन शर्यती जिंकल्या आणि पुढे तीन वेळा कप पटकावला. मात्र स्ट्युअर्ट मातीच्या धावपट्टीवरच्या स्प्रिंट आणि मिजेट गाड्यांत वाढलेला. या गाड्यांची चाकेही उघडीच, पण त्या मागची बाजू बाहेर फेकतच पळतात. शिवाय कपमध्ये येण्यापूर्वी तीन हंगाम तो नॅसकारच्या दुसऱ्या फळीत अधूनमधून धावून आला होता. हॉर्निश कार्टिंगमधून, पंखांच्या गाड्यांच्या शिडीने वर आलेला. दोघांच्या नावापुढे एकाच लीगचे विजेतेपद लागले, एवढ्यावरून त्यांना एकाच तालमीतले समजणे चूक होते.

कळ नाही, काटा आहे

गाडी सांभाळण्यापलीकडेही शिकण्यासारखे बरेच होते. इंडीकारच्या चालकाला बसल्या जागी काही दांडे आणि कळा दिलेल्या असतात. इंधन कमी झाले, टायर झिजले, गाडीचा तोल बदलला, की तो धावता धावता तो तोल थोडा इकडेतिकडे करू शकतो. शिवाय गाडीतून निघणारी माहिती सतत अभियंत्यांच्या पडद्यावर पोचत असते. त्या काळच्या स्टॉक कारमध्ये यांतले काहीच नव्हते. शर्यतीच्या वेळी गाडीतून माहिती पाठवण्यास नॅसकारची मनाई होती. चालकाने रेडिओवरून पथकाच्या प्रमुखाला, म्हणजे क्रू चीफला, शब्दांत सांगायचे : वळणात शिरताना टाइट, मध्यावर ठीक, बाहेर पडताना लूज. त्या शब्दांवरून क्रू चीफने ठरवायचे की पुढच्या थांब्यात टायरची हवा किती कमी करायची किंवा मागच्या काचेतून पाना घालून स्प्रिंगचा पेच किती फिरवायचा. दुरुस्ती चुकली तर पुढची पन्नास फेऱ्या तशीच गाडी ओढायची.

म्हणजे उत्तम चालकाला उत्तम वर्णनकारही व्हावे लागते. लहानपणापासून स्टॉक कार चालवणाऱ्याला ही बोली मातृभाषेसारखी येते. बाहेरून आलेल्याला गाडी वाईट आहे एवढेच कळते. नेमकी कुठे आणि किती, हे सांगायला शब्द सापडत नाहीत. हंगामातल्या पुष्कळशा निराशाजनक निकालांमागे असा संवादाचा घोळ असतो, तो बाहेरून दिसत नाही.

गाडीत वेगदर्शकही नव्हता. थांब्याच्या मार्गिकेत ठरावीक वेगमर्यादा पाळायची ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरून. उघड्या चाकांच्या घराण्यात यासाठी एक कळ असते. ती दाबली की वेग आपोआप मर्यादेत राहतो. या किरकोळ वाटणाऱ्या फरकाची किंमत काय असू शकते, ते हुआन पाब्लो मोंतोयाने २००९ मध्ये इंडियानापोलिसला अनुभवले. १६० फेऱ्यांपैकी ११६ फेऱ्यांत तो आघाडीवर होता. मग थांब्याच्या मार्गिकेत वेगमर्यादा ओलांडल्याचा निर्णय आला आणि हातातली शर्यत गेली.

आणखी एक फरक संस्काराचा आहे. उघड्या चाकांना एकमेकांचा स्पर्श झाला की मागची गाडी हवेत उडते. दारिओ फ्रँकिटी ऑगस्ट २००७ मध्ये एका आठवड्याच्या आत दोनदा असा उलटा होऊन हवेत गेला आणि दोन्ही वेळा सुखरूप बाहेर आला. म्हणून या घराण्यात शेजाऱ्याला जागा सोडणे हा जगण्याचा नियम असतो. स्टॉक कारमध्ये बंपरने ढकलणे, दारावर दार घासणे हा संभाषणाचाच भाग. जागा सोडणाऱ्याला तिथे सभ्य म्हणत नाहीत. त्याची जागा घेतात.

२००८ ची तुकडी

हॉर्निश एकटा नव्हता. त्या वर्षी उघड्या चाकांच्या घराण्यातून आलेल्यांची नॅसकारमध्ये जणू रांग लागली होती. पैसा, दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी आणि लाखोंची प्रेक्षकसंख्या नॅसकारकडे होती, तर अमेरिकेतील उघड्या चाकांचे घराणे १९९६ पासून दोन लीगमध्ये दुभंगून दुबळे झाले होते. गंमत अशी, की हे भांडण मिटून दोन्ही लीग एक झाल्या त्या फेब्रुवारी २००८ मध्येच. हॉर्निश आणि फ्रँकिटी यांनी घर सोडले आणि मागोमाग घरातली वाटणी मिटली.

मोंतोया त्यांच्या आधी आला होता. फॉर्म्युला वनमध्ये सात शर्यती जिंकलेल्या या कोलंबियन चालकाने जुलै २००६ मध्ये नॅसकारला जाण्याचे जाहीर केले, तेव्हा युरोपात अनेकांनी कपाळाला हात लावला. (योगायोगाने त्याच्या पुढच्याच महिन्यात 'टॅलाडेगा नाइट्स' हा विनोदी चित्रपट आला. त्यात फॉर्म्युला वनचा एक फ्रेंच चालक नॅसकारमध्ये येऊन सर्वांना सळो की पळो करतो. वास्तव इतके सोपे नव्हते.) मोंतोयाने जून २००७ मध्ये सोनोमाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर बत्तिसाव्या स्थानावरून निघून शर्यत जिंकली, २०१० मध्ये वॉटकिन्स ग्लेनला दुसरी. २००९ च्या हंगामात तो एकूण आठवा आला. या तुकडीतले हे सर्वांत चांगले यश. पण २००७ ते २०१३ अशा सात पूर्ण हंगामांत ओव्हलवर त्यालाही एकदाही जिंकता आले नाही. नॅसकार सोडून तो इंडीकारला परतला आणि २०१५ मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पुन्हा जिंकला. हात शाबूत होते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

फ्रँकिटीचा अनुभव सर्वांत कडू. २००७ चा इंडियानापोलिस विजेता आणि इंडीकारचा विजेता म्हणून तो चिप गनासीच्या पथकात आला. डेटोनाला तेहेतिसावा. मार्टिन्सव्हिलला बाविसावा, आणि हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी ठरली. एप्रिलमध्ये टॅलाडेगा येथे दुसऱ्या फळीच्या शर्यतीत अपघात होऊन डावा घोटा मोडला. तो बरा होऊन परतला तोच १ जुलै रोजी प्रायोजकाअभावी त्याचे पथकच बंद करण्यात आले. कप मालिकेतल्या त्याच्या शर्यती भरल्या अवघ्या दहा. दहा शर्यतींत कोण काय शिकणार? पुढच्या वर्षी तो इंडीकारला परतला आणि २००९, २०१०, २०११ अशी सलग तीन विजेतेपदे त्याने मिळवली.

फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता जॅक व्हिलेनव्ह डेटोनाला पात्रच ठरला नाही आणि प्रायोजकांअभावी त्याचा बेत तिथेच गुंडाळला गेला. एजे ऑलमेंडिंगर २००६ मध्ये चॅम्प कारच्या पाच शर्यती जिंकून आला होता. २००७ मध्ये ३६ पैकी १७ शर्यतींतच त्याला सुरुवात करता आली. टिकून राहिलेल्या ऑलमेंडिंगरला पहिला कप विजय मिळाला तो ऑगस्ट २०१४ मध्ये. मायकेल मॅकडॉवेल हाही याच वाटेने आलेला. एप्रिल २००८ मध्ये टेक्सासला पात्रता फेरीत त्याची गाडी कोलांट्या घेत धावपट्टीवरून गडगडत गेली आणि तो चालत बाहेर आला. त्याने आपली पहिली कप शर्यत जिंकली फेब्रुवारी २०२१ मध्ये. ती डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत होती आणि त्याची ३५८ वी सुरुवात होती.

शिकायला वेळ कोण देणार?

मॅकडॉवेलला मिळाली तितकी वर्षे हॉर्निशला मिळाली नाहीत, पण त्याला आसरा मात्र भक्कम होता. रॉजर पेन्स्कीच्या पथकाने त्याला जपलेही. त्या काळी नॅसकारमध्ये मालकांच्या गुणतक्त्यात पहिल्या ३५ त असलेल्या गाड्यांना शर्यतीत जागा निश्चित असे. उरलेल्यांनी वेगाच्या बळावर पात्र व्हायचे. २००७ च्या अखेरीस हॉर्निश अशा पात्रता फेऱ्यांत वारंवार अडखळला होता. तेव्हा पेन्स्कीने कर्ट बुशच्या गाडीचे गुण हॉर्निशच्या ७७ क्रमांकाच्या गाडीकडे वळवले. माजी कपविजेता या नात्याने बुशला वेगळी सवलत होती, म्हणून हे साधले. फेब्रुवारी २००८ च्या डेटोनात पेन्स्कीचे रायन न्यूमन आणि बुश पहिला-दुसरा आले आणि नवखा हॉर्निश पंधरावा. सुरुवात झकास झाली, असेच कोणीही म्हटले असते.

मात्र डेटोनाच्या धावपट्टीवर गाड्या थव्याने, एकमेकींच्या हवेच्या आडोशाने धावतात. तिथे इंडीकारचे शहाणपण थोडेफार चालते. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यांपासून होती. त्यातच २००८ पासून 'कार ऑफ टुमारो' नावाची नवी, उंच आणि चौकोनी गाडी संपूर्ण हंगामासाठी लागू झाली. तिला वळवताना मुरलेल्या चालकांनाही घाम फुटत होता. जुलैमध्ये इंडियानापोलिसला ही गाडी टायर इतक्या झपाट्याने खाऊ लागली, की दर दहा-बारा फेऱ्यांनी शर्यत थांबवून टायर बदलावे लागले. दोन वर्षांपूर्वी जिथे हॉर्निशने आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवला होता तीच ही धावपट्टी. त्या हंगामात तो एकदाही पहिल्या दहांत आला नाही आणि गुणतक्त्यात पस्तिसावा राहिला.

मग नोव्हेंबर २००८ मध्ये, आर्थिक मंदीच्या सावटाखाली, नॅसकारने काटकसर म्हणून आपल्या धावपट्ट्यांवरील सरावचाचण्यांवर बंदी घातली. जुन्या चालकांना तिचे फारसे दुःख नव्हते. ज्याला अजून अक्षरे गिरवायची होती, त्याची पाटीच काढून घेतली गेली. आता शिकायचे ते थेट शर्यतीत, त्रेचाळीस गाड्यांच्या गर्दीत, लक्षावधी प्रेक्षकांदेखत. चुकले की गाडी मोडते, गुण जातात, आणि गाडीवर ज्याचे नाव आहे तो प्रायोजक अस्वस्थ होतो.

असे असूनही २००९ मध्ये हॉर्निश सुधारला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. सात वेळा तो पहिल्या दहांत आला. ऑगस्टमध्ये पोकोनोला चौथा. एकूण अठ्ठाविसावा. प्रगतीची रेषा वर जात होती, पण फार हळू. २०१० मध्ये ती पुन्हा खाली आली, तो एकोणतिसावा राहिला आणि प्रायोजक दुसऱ्या पथकाकडे गेला. त्याबरोबर ७७ क्रमांकाची गाडीही थांबली.

माझ्या मते पेन्स्कीची चूक हॉर्निशला नॅसकारमध्ये आणण्याची नव्हती. ती त्याला थेट सर्वोच्च मंचावर बसवण्याची होती. स्ट्युअर्टला जो काळ दुसऱ्या फळीत मिळाला, तो हॉर्निशला जेमतेम मिळाला. पण त्यामागचे गणितही समजण्यासारखे आहे. इंडियानापोलिसच्या विजेत्यासाठी मोठा पैसा मोजणाऱ्या प्रायोजकाला त्याचे नाव रविवारच्या मुख्य शर्यतीत हवे असते, शनिवारच्या दुय्यम शर्यतीत नव्हे.

आपल्या नारायण कार्तिकेयनने हा क्रम उलटा ठेवला होता. २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला हा भारतीय चालक २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, दाखल झाला. मार्च महिन्यात मार्टिन्सव्हिलला तो पहिल्यांदा उतरला. ही नॅसकारच्या सर्वोच्च मालिकांतली सर्वांत आखूड धावपट्टी, जेमतेम साडेआठशे मीटरची. कप मालिकेची पाचशे फेऱ्यांची शर्यत इथे होते तेव्हा चालकाला हजार वेळा ब्रेक लावून वळावे लागते. हवेचा दाब येथे जवळपास निरुपयोगी. कार्तिकेयन तेरावा आला. नवख्यासाठी ही कामगिरी उत्तमच म्हटली पाहिजे. चाहत्यांच्या मतदानात त्या वर्षीचा ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणूनही तो निवडला गेला. परंतु नऊ शर्यतींनंतर तोही प्रयोग थांबला आणि पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये परतला.

उलट वाटेने गेलेल्याचीही तीच कथा. कप मालिकेचा सात वेळचा विजेता आणि ८३ शर्यती जिंकलेला जिमी जॉन्सन २०२१ मध्ये इंडीकारमध्ये गेला आणि रस्त्याच्या धावपट्ट्यांवर सतत मागच्या रांगांत राहिला. हवेवर विश्वास टाकून ब्रेक उशिरा लावणे त्याच्या शरीराला पटेना. २०२२ मध्ये ओव्हलवर उतरल्यावर तो टेक्सासला सहावा, आयोवाला पाचवा आला.

दुसऱ्या फळीतले शिक्षण

कपमधली गाडी गेल्यावर हॉर्निशपुढे इंडीकारला परतण्याचा रस्ता होता. फ्रँकिटी त्याच रस्त्याने जाऊन पुन्हा विजेता झाला होता. हॉर्निश गेला नाही. २०११ मध्ये तो नॅसकारच्या दुसऱ्या फळीत, नेशनवाइड मालिकेत, मोजक्या शर्यती धावू लागला. पाच वर्षांपूर्वी जे करायला हवे होते ते आता सुरू झाले. नोव्हेंबर २०११ मध्ये फिनिक्सला त्याने स्टॉक कारमधली आपली पहिली शर्यत जिंकली. २०१२ मध्ये पूर्ण हंगाम धावून तो चौथा आला. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑलमेंडिंगर निलंबित झाल्यावर त्याची कपमधली गाडी तात्पुरती हॉर्निशकडे आली, आणि ऑगस्टमध्ये वॉटकिन्स ग्लेनला तो पाचवा आला.

२०१३ चा हंगाम हा त्याच्या स्टॉक कार कारकिर्दीचा कळस. मार्चमध्ये लास वेगासला जिंकून तो वर्षभर विजेतेपदाच्या शर्यतीत राहिला आणि अखेर ऑस्टिन डिलनकडून अवघ्या तीन गुणांनी हरला. डिलनने त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नव्हती. शर्यत न जिंकता ही मालिका जिंकणारा तो पहिलाच चालक. ज्याने आयुष्यभर हजारांश सेकंदांनी सामने जिंकले, त्याच्या वाट्याला हा हिशेब यावा, हे विचित्रच.

२०१५ मध्ये रिचर्ड पेटीच्या पथकाने त्याला कप मालिकेत पुन्हा एक पूर्ण हंगाम दिला. गाडी मध्यम कुवतीची होती; तो सव्विसावा आला आणि ते दारही बंद झाले. पण दुसऱ्या फळीतून अधूनमधून बोलावणे येत राहिले. जून २०१६ मध्ये आयोवाला बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर एका शर्यतीपुरता उतरून त्याने ती जिंकली. ऑगस्ट २०१७ मध्ये पेन्स्कीनेच त्याला मिड-ओहायोसाठी गाडी दिली. तिथे ओव्हल नाही, चढउतारांचा आणि वळणांचा रस्ता आहे, आणि ओहायो हे त्याचे स्वतःचे राज्य. तीही शर्यत त्याने जिंकली. नॅसकारच्या दुसऱ्या फळीतला हा त्याचा पाचवा आणि अखेरचा विजय.

२०२२ मध्ये कप मालिकेत आलेल्या नव्या पिढीच्या गाडीने दोन घराण्यांतले अंतर काहीसे कमी केले आहे. एकसंध ॲक्सल जाऊन मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, गिअर क्रमाने पडू लागले, चाके मोठी झाली आणि पाच नटांच्या जागी एकच नट आला. वेगदर्शक मात्र या गाडीतही नाही. थांब्याच्या मार्गिकेतला वेग अजूनही इंजिनाच्या फेऱ्यांवरूनच सांभाळावा लागतो.